आबांची वही, खंबाटकी आणि सहाशे रुपये

महत्त्वाचं आधी सांगतो. साताऱ्याकडून निघालात तर खंबाटकी घाट चढता येत नाही. घाट पुण्याहून येणाऱ्यांसाठी आणि बोगदा साताऱ्याहून जाणाऱ्यांसाठी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. एसटीने त्या बोगद्यातून कितीदा गेलोय. तरी सांगलीपासून दीडशेवर किलोमीटर सायकल हाणून घाटाच्या पायथ्याच्या वेळे गावात पोचेपर्यंत ते डोक्यात आलं नाही, कारण मी रस्त्याच्या पाट्या बघत नव्हतो, आबांची वही बघत होतो.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. 1964 ला फौजेत गेले. बासष्टच्या युद्धानंतर भरती जोरात होती, गावातून पाचजण एकदम गेले. आबा सप्लायमध्ये ड्रायव्हर. शक्तिमान ट्रक, श्रीनगर ते लेह, पीठ-डाळ-रॉकेल. पंधरा वर्षं भरून पेन्शनवर आले, मिळालेल्या पैशात बँकेचं कर्ज घालून टाटा घेतला आणि पुढची अठरा वर्षं सांगलीची हळद दिल्लीला पोचवली. येताना मिळेल तो माल. बोगदा व्हायच्या आधीच त्यांनी स्टिअरिंग सोडलं. त्यांच्या वहीतला रस्ता तिथेच थांबलेला आहे.

वहीत प्रत्येक फेरीचा हिशेब आहे: डिझेल, जकात, हमाली, पंक्चर, चहा. आणि दर फेरीला एक ओळ, ‘खामजाई, नारळ 1’. घाटातल्या खामजाईच्या देवळापाशी रेडिएटरला पाणी घालायचं, नारळ फोडायचा आणि पुढं निघायचं. फेब्रुवारी 2023 मध्ये आबा गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मी ठरवलं, त्यांच्या रस्त्याने जाऊन एक नारळ आपणही फोडू. सायकल का, तर माझ्याकडे तीच आहे. शंभर किलोमीटर सलग मारता येत नसतील, पंक्चर स्वतःला काढता येत नसेल, तर पुढचं वाचून उपयोग नाही.

सांगली ते पेठ: करू नका. म्हणजे मी गेलो तेव्हा तरी करू नये असाच रस्ता होता. पेठ-सांगली रस्त्याची कीर्ती मी नव्याने सांगायला नको. फेब्रुवारी 2024 मध्ये काम चालू होतं, एक बाजू उकरलेली, दुसरीवर दोन्हीकडची वाहतूक. त्यात ऊसतोडीचा हंगाम. पहाटे साडेपाचला आष्ट्याच्या अलीकडे अंधारात समोर अचानक भिंत उभी राहिली, ती भिंत म्हणजे उसाची ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ट्रॉलीला आणखी एक ट्रॉली जोडलेली. आबा म्हणायचे, “फौजेत रातीला दिवं मालवून गाडी हाकलीया मी, पण त्येनंबी इतकं भ्या नाय वाटलं जेवढं ह्या ट्रॅक्टरचं वाटतंय.” मला तेव्हा ती फुशारकी वाटायची. हंगामात या रस्त्यावर उजाडल्याशिवाय सायकल काढू नका. दिवा तुमच्याकडे कितीही भारी असू दे, आंधळी गाडी पुढची आहे.

पेठ ते सातारा यावर लिहिण्यासारखं काही नाही. तेव्हा महामार्गाचं सहापदरीकरण चालू होतं, कऱ्हाडजवळ उड्डाणपुलाचा गोंधळ, सेवारस्त्यावर खडी आणि धूळ. नाकाला रुमाल बांधा. उंब्रजला मिसळ खाल्ली, बरी होती.

नागठाण्याच्या भागात मात्र महामार्ग सोडून आत अपशिंग्याला गेलो. कागदोपत्रीसुद्धा ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात त्या गावाला. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान मारले गेले, त्यांचं स्मारक आहे. आबांचं गाव हे नव्हे, पण त्यांच्या तुकडीत इथला एकजण होता आणि त्याच्या गावाचं नाव आबा स्वतःच्या गावासारखं घ्यायचे. स्मारकापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी विचारलं, “कुठल्या कोअरचे हुते चुलते?” सप्लाय म्हणाल्यावर म्हणाले, “मग त्येंच्यामुळं आमी जेवलो.” मी तिथे अपेक्षेपेक्षा तासभर जास्त बसलो आणि म्हणून साताऱ्यात पोचायला अंधार झाला. लॉज आधी ठरवून ठेवा.

दुसरा दिवस. सातारा, भुईंज, सुरूर, वेळे. घाटाच्या पायथ्याला चहा घेतला आणि टपरीवाल्याला विचारलं, खामजाईला किती वेळ लागेल? तो हसला. “उलट्या बाजूनं चाललाय तुमी. बोगद्यातनं पल्याड जावा, खंडाळ्याकडनं वळा, मग घाट.” (हे खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, लोणावळ्याजवळचं नव्हे.) शेजारी उभा असलेला टेम्पोवाला लगेच म्हणाला, सायकल बोगद्यात सोडतच नाहीत, पलीकडे मी टाकतो. किती? सहाशे.

जेमतेम दहा किलोमीटरला सहाशे रुपये! चारशे म्हणून बघितलं, पाचशे म्हणून बघितलं. तो विडी ओढत आभाळाकडे बघत राहिला. शेवटी दिले. आणि बोगद्याशी आलो तर सायकलला अडवणारं काळं कुत्रंही तिथे नव्हतं. मी खवळलो, तो म्हणाला, “आज नसंल कुणी.”

आता खरं सांगतो. तो खोटं बोलला तरी मी टेम्पोत होतो हे बरंच झालं. बोगद्यात ट्रकचा आवाज भिंतींवर आपटून चौपट होतो आणि बाहेर पडल्या पडल्या उतारावर ते नागमोडी वळण आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये मजूर घेऊन निघालेला टेम्पो तिथेच उलटला, पंधरावर माणसं गेली. मी गेलो तेव्हा काम चालू असलेले नवे बोगदे होईपर्यंत सायकलवाल्याने तिथे जाऊच नये. टेम्पो करा. पण दोनशेच्या वर देऊ नका, आणि दर साताऱ्यातच फोनवर ठरवा, घाटाच्या पायथ्याला नव्हे. पायथ्याला उभ्या माणसाला कुणीही लुटतं. आबांच्या वहीत दोनदा लिहिलंय, ‘टोचन 300, अडला हरी’. टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेणं.

खंडाळ्याकडून चढायला लागलो. सगळी वाहतूक एकाच दिशेने, हे सायकलला फार सोयीचं. भरलेले ट्रक इतके हळू चालतात की त्यांच्याबरोबर तासभर ओळख होते. आबा जोजिलाबद्दल सांगायचे, साडेअकरा हजार फुटांवर, एका वेळी एकाच बाजूची गाडी, वरचा कॉन्व्हॉय उतरेपर्यंत खालच्याने थांबायचं. एकेरी घाट त्यांना मी समजावून सांगायची गरज नव्हती. मीच विसरलो होतो.

त्यांचे दोन नियम मी अक्षरशः पाळले आणि तुम्हीही पाळा. एक, चढावर भरलेल्या ट्रकच्या ढुंगणाला चिकटायचं नाही. गिअर बदलताना तो हातभर तरी मागे येतो. दोन, ट्रकच्या डाव्या अंगाला, क्लीनरच्या दाराखाली, रेंगाळायचं नाही. ड्रायव्हरला तुम्ही तिथे दिसतच नाही. एका वळणावर क्लच प्लेट जळाल्याचा वास आला आणि पुढचा ट्रक थांबला. क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावत होता. पोरगं विशीतलं. मी थांबून दुसरा दगड दिला. त्याने मला वर जायची खूण केली.

देवळाशी पोचलो तेव्हा पाय थरथरत होते आणि मी उगाचच मोठ्याने हसत होतो. त्या भरात वाटलं की दिल्लीलासुद्धा असाच जाईन. (नाही जाणार. त्या क्षणी केलेला कुठलाही बेत पक्का धरू नका.) नारळ फोडला, बाटली भरली. पलीकडे वेळ्याकडचा उतार एकेरीच आहे, पण मागून येणाऱ्या रिकाम्या गाड्या सुसाट असतात. डाव्या कडेला राहा, ब्रेक सोडून सोडून दाबा, रिम तापते.

निघण्याआधी वही काढली. आबांची शेवटची नोंद 1997 ची, खाली पानभर जागा कोरी. त्यांच्याच पद्धतीने लिहिलं:

‘खामजाई, नारळ 1. चहा 10. टेम्पो 600, अडला हरी.’