पंधरा अँपिअरचा पॉइंट

आमच्या घरी इलेक्ट्रिक गाडी येऊन आता चौथे वर्ष चालू आहे. 30.2 किलोवॅट-तास बॅटरीची नेक्सॉन ईव्ही आहे, नाशिकमध्ये रो-हाउस आहे आणि गाडी दारातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी असते. नवी गाडी घेऊ पाहणारे ओळखीचे लोक घरी आले की रेंज, बॅटरीची किंमत आणि गाडीची वॉरंटी यांविषयी विचारतात. ज्या पॉइंटवर ती गाडी रात्ररात्र चार्जिंगला लागणार आहे, त्या पॉइंटविषयी मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. माझा स्वतःचा अनुभव असा आहे, की घरी चार्जिंग करणाऱ्याने सर्वांत अधिक काळजी घ्यावी ती त्या पॉइंटची, आणि म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडीसोबत मिळालेली केबल साध्या पंधरा अँपिअरच्या, म्हणजे गिझरच्या, सॉकेटमध्ये बसते. 230 व्होल्टवर ती 13 अँपिअरच्या आसपास करंट घेते, म्हणजे जवळजवळ तीन किलोवॅट. हा आकडा ऐकून कोणी घाबरत नाही, कारण गिझरही दोन किलोवॅटचा असतो आणि तो त्याच प्रकारच्या सॉकेटवर वर्षानुवर्षे चालतो. मात्र गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो आणि एसीचा कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो, त्यामुळे सॉकेटला आणि वायरला निवायला वेळ मिळतो. गाडी दहा टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर न्यायची असेल तर हाच करंट साडेआठ-नऊ तास क्षणाचीही उसंत न देता वाहत राहतो. घरात दुसरे कोणतेही उपकरण वायरिंगची अशी परीक्षा घेत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका पहाटे, मला शेडमध्ये जळकट वास आला. प्लगला हात लावला तर चटका बसला. स्विच बंद करून प्लग ओढून काढला, तेव्हा न्यूट्रलची पिन काळवंडलेली होती आणि सॉकेटच्या त्या छिद्राभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित वितळले होते. आमचे नेहमीचे वायरमनकाका आले, त्यांनी बोर्ड उघडला आणि मला वायरचे टोक दाखवले. स्क्रू अर्धाच आवळलेला होता आणि तांब्याच्या सात तारांपैकी दोन बाहेरच राहिल्या होत्या. "साहेब, पंख्याला हे चाललं असतं," एवढेच ते म्हणाले.

त्यामागचे गणित मी नंतर मांडले. जोड सैल असेल आणि त्या ठिकाणी ओहमच्या एक-दशांश इतका जरी रोध निर्माण झाला, तरी 13 अँपिअरला तिथे सुमारे 17 वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचे लहान यंत्र 25 वॉटचे असते. म्हणजे जवळपास तेवढा ताप, बोटाच्या पेराएवढ्या जागेत आणि तोही रात्रभर. उष्णतेने पितळेची पकड ढिली होते, पकड ढिली झाली की रोध वाढतो आणि रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. त्यामुळे असा सॉकेट एकदा बिघडू लागला की तो आपोआप सुधारत नाही, तो बदलावाच लागतो.

त्यानंतर आम्ही गाडीसाठी मीटर बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढली. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपिअरची एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की लाइन तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि जाड पितळी पकडीचा औद्योगिक सॉकेट, असा सगळा ऐवज. आरसीसीबी घेताना ती ‘ए’ प्रकारची मागून घ्यावी. घरात सर्रास बसवली जाणारी ‘एसी’ प्रकारची आरसीसीबी गाडीच्या चार्जरमधून होणारी डीसी स्वरूपाची गळती नीट ओळखू शकत नाही. वायरच्या जाडीबाबत काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शेड मीटरपासून 25 मीटर लांब असेल आणि वायर 2.5 चौरस मिलिमीटरची असेल, तर नुसत्या वायरमध्येच साठाहून अधिक वॉट वाया जातात आणि आठ तासांत अर्धा युनिट भिंत तापवण्यात खर्च होतो. एक्स्टेन्शन बोर्डाचा तर विचारही करू नये. केबल लांब असेल तर तिचे वेटोळे तसेच ठेवून चार्जिंग लावू नये. ती पूर्ण मोकळी सोडावी, कारण वेटोळ्यात उष्णता कोंडते.

अर्थिंगचा विषय याहून नाजूक आहे. एका उन्हाळ्यात केबलवरच्या चार्जिंगच्या डबीवर लाल दिवा लागू लागला आणि गाडी चार्जिंग घेईना. गाडीत दोष असावा अशी माझी समजूत झाली होती, परंतु वायरमनकाकांनी मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज तपासला तेव्हा तो 18 भरला. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती उन्हाने कोरडी ठणठणीत झाली होती. दोन बादल्या पाणी ओतल्यावर तासाभरात हिरवा दिवा आला. पुढे आम्ही नवा खड्डा करून घेतला, तरीही मार्च ते जून या काळात झाडांना पाणी घालताना त्या खड्ड्यातही पाणी घालण्याचा शिरस्ता आई पाळते आणि त्यामुळे तो लाल दिवा पुन्हा दिसलेला नाही. अर्थिंगची पिन तोडून किंवा अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडून तो दिवा घालवण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतणारा आहे. कृपया कोणीही तसे करू नये.

बॅटरी रोज किती टक्क्यांपर्यंत भरावी, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर बॅटरीच्या रसायनावर अवलंबून असते. आमच्या गाडीची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जवळजवळ स्थिर राहत असल्याने नेमके किती टक्के शिल्लक आहेत याचा गाडीला अंदाज चुकू शकतो. म्हणून आठवड्यातून एकदा, शक्यतो सावकाश चार्जिंगवर, ती पूर्ण शंभर टक्के भरू द्यावी, म्हणजे सेल एका पातळीवर येतात आणि टक्क्यांचा हिशेबही जुळतो. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट, रसायनाची बॅटरी असेल तर मात्र रोज ऐंशी टक्क्यांवर थांबणे बरे, कारण भरलेली बॅटरी आणि भर उन्हाळा यांची गाठ तिला मानवत नाही. आपली बॅटरी कोणती हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे आणि तिथे जे सांगितले असेल तेच प्रमाण मानावे. आम्ही गाडी रोज लावत नाही. तीस टक्क्यांच्या आसपास आली की लावतो आणि मुंबईहून घाट चढून आल्यावर अर्धा तास तिला नुसती उभी राहू देतो.

विजेच्या बिलाचा हिशेब बहुतेक जण चुकीचा करतात. आमचा महिन्याचा प्रवास हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर गाडी सुमारे सहा किलोमीटर जाते, म्हणजे चार्जिंगमधली घट धरून 165 युनिट लागतात. घराचा वापर पूर्वी 240 युनिटांचा होता. महावितरणच्या घरगुती दरांत 101 ते 300 आणि 301 ते 500 असे टप्पे आहेत, त्यामुळे गाडीचे पहिले साठ युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेले 105 महागड्या तिसऱ्या टप्प्यात पडतात. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून गाडीचा खर्च मांडला तर तो खऱ्यापेक्षा कमी भरतो. इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र दरवर्ग आहे आणि त्यात असे टप्पे नाहीत, म्हणून ज्यांचे फिरणे जास्त आहे त्यांनी वेगळ्या मीटरचा हिशेब अवश्य करून पाहावा. घरच्याच जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. मात्र त्याआधी बिलावरचा ‘मंजूर भार’, म्हणजे जोडणीला मंजूर झालेली भाराची मर्यादा, पाहावा. आमचा दोन किलोवॅट होता, तो अर्ज करून पाच करून घेतला.

रात्री चार्जिंग लावण्याची आमची सवयही आता बदलत आहे. जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली, त्यामुळे आठवड्याचे शंभर टक्क्यांचे चार्जिंग आम्ही रविवारी सकाळी लावतो. दिवसा लावण्याचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो, तो म्हणजे घरातली माणसे जागी असतात.

लावताना आधी प्लग, मग स्विच आणि शेवटी गाडीला गन (केबलचे गाडीत बसणारे टोक), तर काढताना आधी गन, मग स्विच आणि शेवटी प्लग, हा क्रम मी मुलीलाही शिकवला आहे. चालू करंटवर प्लग ओढला की ठिणगी पडते आणि पिनेवर खड्डे पडतात. तीच पिन पुढे तापते. पावसाळ्यात केबल सॉकेटपर्यंत सरळ न नेता आधी थोडी खाली लोंबू देतो, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी बोर्डात न जाता खालीच ठिबकते.

मीटरजवळ एक दोनशे पानी वही टांगलेली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चार्जिंग लावून दोन तास झाले की मी प्लगच्या पाठीला हात लावतो आणि त्या दिवसाचा व्होल्टेज, न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज आणि प्लग गार, कोमट की गरम हे लिहून ठेवतो. कोमट चालतो. गेल्या महिन्यात ‘गरम’ असा शेरा पडला, तेव्हा मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला; न्यूट्रलचा स्क्रू पाव आटा सैल झालेला होता. तो आवळला आणि या रविवारी पुन्हा ‘कोमट’ लिहिले.