आमची वाटचाल : २० लिटरच्या पेटीतला खर्ज

आम्ही सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरपेट्या, बनवतो; पहिल्या खेपेच्या ४० पैकी ३१ परत आल्या, हे मी आधीच सांगतो. कारण आमच्याविषयी बोलणारे नेमके तेवढेच सांगतात आणि पुढचे गाळतात.

त्या पेटीत काय चुकले, हे या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. १० इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा स्पीकर), २० लिटरची पेटी आणि २५ हर्ट्झला (सेकंदाला २५ कंपनांना) जुळवलेला पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा आतबाहेर करणारी नळी. ५ सेंमी व्यासाच्या नळीला साधारण ४३ सेंमी लांबी पुरते, म्हणून एक वळण देऊन आम्ही ती आत बसवली. मंद आवाजात खर्ज इतका खोल उतरला की आम्ही दोघे भागीदार त्या रात्री घरी गेलोच नाही. मात्र आवाज वाढवताच अरुंद नळीतून हवेची फुसफुस ऐकू येई, आणि २५ हर्ट्झच्या खाली कोनला (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याला) पेटीतल्या हवेचा आधार उरत नसल्यामुळे त्यामागची व्हॉइस कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, चुंबकाच्या मागच्या प्लेटवर आपटे. १० सेंमी व्यासाची नळी घेतली असती तर फुसफुस थांबली असती. पण तिला सुमारे १.८ मीटर लांबी लागली असती आणि २० पैकी १४ लिटर जागा तिनेच खाल्ली असती. केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे हॉफमन. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज यांपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात, हा त्यांचा नियम आम्ही वाचलेला होता, पण मानलेला नव्हता.

पैसे परत करता करता हातातले भांडवल संपले. भागीदाराने घरच्यांच्या आग्रहावरून आपला हिस्सा काढून घेतला, आणि त्याबद्दल मी त्याला कधी बोल लावला नाही.

त्या खेपेतली तिसऱ्या क्रमांकाची पेटी एका निवृत्त डबल बास (माणसाएवढे उंच, खर्जाचे तंतुवाद्य) वादकाकडे होती. त्यांनी पैसे मागितले नाहीत. ते पेटी घेऊन आले, पोर्टवर तळहात घट्ट दाबून धरला आणि म्हणाले, "आता ऐका. आवाज कमी झाला, पण सूर खरा झाला." त्या वाद्याची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते, तो सूर आयुष्यभर अंगाला टेकवून वाजवलेल्या माणसाचे म्हणणे मला मोडवले नाही.

आम्ही पोर्ट बुजवला. ड्रायव्हरचा स्वतःचा अनुनाद (तो ज्या कंपनाला आपोआप सर्वाधिक हलतो ते) २४ हर्ट्झ, व्हीएएस (त्याच्या लवचीकतेइतकी हवा) ६० लिटर आणि क्यूटीएस (अनुनाद किती आवरलेला आहे त्याचे माप) ०.३५ होता, २० लिटरच्या बंद पेटीत अनुनाद ४८ हर्ट्झवर आणि क्यू ०.७ वर जातो, म्हणजे उतार सपाट सुरू होऊन सप्तकामागे १२ डेसिबलने खाली येतो. खर्ज पुन्हा २४ हर्ट्झपर्यंत नेण्यासाठी लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म, म्हणजे खालचे सूर मोजून उचलणारे सर्किट, लावले. त्याची किंमत १२ डेसिबलची उचल, म्हणजे तळाशी जवळजवळ सोळापट शक्ती. शिवाय तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली उतरले की कोनला चौपट सरकावे लागते, म्हणून १८ हर्ट्झच्या खाली फिल्टर घालून आम्ही त्याला आवरले.

साधने साधीच होती. एक सिग्नल जनरेटर, एक माहीत असलेला रेझिस्टर आणि मल्टिमीटर यांवर आम्ही प्रत्येक ड्रायव्हरची इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) मोजत असू, कारण छापील आकडा आणि हातातला ड्रायव्हर क्वचितच जुळतात. प्रतिध्वनीरहित खोली नव्हती, तेव्हा माइक कोनपासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरून मोजमाप होई. पेटीवर बारीक वाळू पसरून ती जिथे नाचे तिथे आतून आडवी पट्टी चिकटवली जाई. १८ मिमीच्या एमडीएफला (लाकडी भुशाच्या दाबीव फळीला) पट्टीची गरज नाही असे सांगणाऱ्याने ही वाळू एकदा जरूर पाहावी.

आमच्या माहितीपत्रकावर "२४ हर्ट्झला उणे ३ डेसिबल, तिथे १ मीटरवर कमाल ९४ डेसिबल" असे स्पष्ट लिहिलेले होते, म्हणजे २४ हर्ट्झला आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. आमचाच माल विकणाऱ्या एका वितरकाने वर्षभरात त्याच मापाची, त्याच पायांची पेटी स्वतःच्या नावाने आणली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत "२० हर्ट्झ" छापले. किती डेसिबल खाली, याचा उल्लेख नव्हता. आम्ही ती विकत घेऊन मोजली. ५५ ते ७० हर्ट्झदरम्यान आवाजाला मुद्दाम दिलेला उंचवटा होता आणि ४० च्या खाली तो कड्यावरून पडावा तसा कोसळत होता. दुकानात दोन्ही पेट्या शेजारी लावल्या की उंचवटा असलेली पेटी मिनिटभरात जिंकते, आणि ती जिंकत राहिली. आमचे निम्म्याहून अधिक विक्रेते गेले. मोजमापाचे आलेख मी प्रत्येकाला दाखवले, कोणीही ते नाकारले नाहीत, आणि तरी मागणी तिकडेच गेली, हे शल्य आजही आहे.

म्हणून घेणाऱ्यांना सांगतो : डेसिबलशिवाय छापलेला हर्ट्झ वाचूच नका. आणि पेटी घरी आली की आधी ती तुमच्या बसण्याच्या जागी ठेवून ओळखीची खर्जाची ओळ लावा, आणि भिंतीकडेने कान खाली नेऊन फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल, ती तिची जागा. बहुतेकांचा सबवूफर चांगला असतो आणि कोपरा वाईट असतो.

त्या फटक्यानंतरही पुढची अकरा वर्षे आमचे काम नीट चालले. तिसऱ्या क्रमांकाची पेटी गेल्या महिन्यात परत आली, कारण कोनभोवतीची फोमची लवचीक कडी, म्हणजे सराउंड, कुजून सुटली होती. नवी पेटी मी विनामूल्य देऊ केली. त्या वादकांनी ती घेतली नाही. सराउंड चिकटवून सुकेपर्यंत ते बाकावर बसून राहिले, मग ४१ हर्ट्झचा सूर लावायला सांगितला, बुजवलेल्या पोर्टवर हात ठेवून तो ऐकला आणि पेटी घेऊन गेले.