मैना व्यायली: दुमडलेला पाय आणि अडलेली वार

आमची भीमथडी घोडी मैना व्यायली. घोडी आणि शिंगरू दोघंही खुशाल आहेत, पण वेत सरळ झालं नाही, म्हणून ही नोंद सविस्तर.

मैनाची कास भरल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. त्यानंतर सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब धरले. घोडीचे दिवस साधारण 340 धरतात, पण 320 ते 365 मध्ये ती कधीही विते. त्यामुळे भिस्त तारखेवर नाही, कासेवरच होती.

आपल्याकडे सगळ्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. "थांबा, होईल मोकळी" म्हणणारे चार जण पागेत असतातच. घोडीला तेवढी सवड नसते. गाईची वार, म्हणजे पिल्लाला आत पोसणारं आणि वेतानंतर पडणारं आवरण, गर्भपिशवीला गाठींनी घट्ट धरलेली असते, म्हणून वासराला बराच वेळ रक्त मिळत राहतं. घोडीची वार सगळ्या पिशवीला पातळ चिकटलेली. जोराच्या कळा लागल्या की ती सुटू लागते. पाणी गेल्यापासून 20-30 मिनिटांत शिंगरू बाहेर हवं.

मैनाला पांढरा पडदा दिसला. त्यात नाक आणि एकच खूर. दुसरा पाय थोडा मागे असतोच, खांदे अडकू नयेत म्हणून. पण इथे तो हाताला लागेचना. डॉक्टर निघाले होते. ते येईपर्यंत त्यांनी घोडी उठवून चालवत ठेवायला सांगितलं, म्हणजे कळांचा जोर कमी होतो. आल्यावर त्यांनी हात घातला, तर गुडघा दुमडलेला. कळ ओसरली की शिंगरू मागे ढकलायचं, गर्भपिशवी फाटू नये म्हणून खूर तळहातात झाकून घ्यायचा, आणि मग पाय सरळ करायचा. किती हळुवार केलं त्यांनी! नंतर ओढलं तेही कळेबरोबरच, खालच्या बाजूला, घोडीच्या मागच्या पायांकडे.

एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करावी. पांढऱ्या पडद्याऐवजी लाल, मखमली पिशवी, म्हणजे वारच, आधी दिसली तर डॉक्टरांसाठी थांबायचं नाही. ती आधीच सुटलेली असते आणि शिंगरू गुदमरत असतं. ती लाल पिशवी तिथल्या तिथे कापायची आणि शिंगरू काढायचं.

आमचं शिंगरू तासाभरात उठलं, पुढच्या तासात प्यायलं. वार मात्र अडली. पायाखाली येऊ नये म्हणून तिला गाठ मारून वर बांधली. ओढली नाही, वजनही लटकवलं नाही. ओढलं तर तुकडा आत राहतो किंवा गर्भपिशवीच उलटी बाहेर येते. 3 तास उलटले तसं डॉक्टरांनी ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आकसवणारं औषध) दिलं, मग पडली. जमिनीवर पसरली की ती विजारीसारखी दिसते. दोन्ही टोकं तपासली. तुटून आत राहतं ते बहुतेकदा गर्भ नसलेल्या बाजूचं टोक, आणि तेवढ्या तुकड्यानंही विष अंगात भिनून खूर धरू शकतात, म्हणजे खुरांच्या आत दाह होऊन घोडी लंगडते.

आता दोन्ही वेळ ताप बघतोय, खुरांना हात लावून गरम लागतात का तेही पाहतोय. शिंगराच्या रक्ताची आयजीजी (चिकातून मिळणारी रोगप्रतिकारक प्रथिनं) तपासणी उद्या आहे. डेसिलीटरला 800 मिलिग्रॅमच्या वर आलं, म्हणजे चीक पुरेसा पोचला.