पेरिस्साकडून प्राचीन थेराला दुपारी जाऊ नका

"अर्ध्या तासाची चाल आहे, चपलांवरही जाल," असं पेरिस्सातल्या आमच्या लॉजवाल्याने सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला. सह्याद्रीत वीस वर्षं 'हे काय, इथंच आहे' ऐकून फसलेलो आम्ही नवराबायको, ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर पुन्हा त्याच वाक्याला फसलो.

प्राचीन थेरा म्हणजे एका जुन्या नगराचे अवशेष, मेसा वूनो नावाच्या डोंगरावर. एका अंगाला कामारी, दुसऱ्या अंगाला पेरिस्सा ही किनाऱ्यावरची गावं, मागे सेलाडाची खिंड. कामारीकडून खिंडीपर्यंत वळणावळणाचा गाडीरस्ता आहे, पेरिस्साकडून फक्त पायवाट. कड्याला चिकटलेलं कातेफियानीचं पांढरं चॅपेल दिसतं तोवर हुरूप टिकतो. पुढे नुसता घसारा. सावली औषधालाही नाही, पाणी नाही. साडेअकराला निघालो ही चूक आमचीच. खिंडीत पोचायला मला तासभर लागला, आणि तिथे कळलं की अवशेष अजून वर आहेत. नवरा म्हणाला, "तू बस इथे, मी बघून येतो." या वाक्याबद्दल त्याला अजून माफी मिळालेली नाही.

वर गेले, आणि गेले ते बरं झालं. स्पार्टाहून आलेल्या लोकांनी वसवलेलं हे गाव, पण आज दिसतं ते बरंचसं नंतरच्या, इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या आणि रोमन काळातलं. आर्तेमिदोरोस नावाच्या इथल्या जुन्या रहिवाशाने कातळात कोरून घेतलेले गरुड, सिंह आणि डॉल्फिन शोधून बघा. छोट्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसलं की समोर थेट समुद्र. मी तिथे दहा मिनिटं टेकले असेन, तेवढ्यात रखवालदाराची शिट्टी. हे ठिकाण दुपारीच बंद होतं, हे लॉजवाल्याने सांगितलंच नव्हतं.

घसाऱ्यावरून उतरायची हिंमत नव्हती, म्हणून व्हॅनने कामारीला उतरलो. इथे दुसरा फटका. पेरिस्सा डोंगराच्या पलीकडेच, पण बस जाते बेटाच्या मुख्य गावाहून, फिराहून, गाडी बदलून. टॅक्सीवाल्याने चाळीस युरो मागितले आणि आम्ही थकून दिले.

तेव्हा सकाळी लवकर कामारीहून व्हॅनने खिंडीत जा, वर बघून या आणि हौस असेल तर पेरिस्साला उतरा, काठी घेऊन. बंद असण्याचा वार आदल्या दिवशी विचारा. दुपारसाठी अक्रोतिरी ठेवा, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं त्याहून जुनं गाव, त्यावर छप्पर आहे. मात्र तिथली प्रसिद्ध भित्तिचित्रं तिथे नाहीत. ती अथेन्सच्या आणि फिराच्या संग्रहालयांत आहेत. जवळचा लाल किनारा वरूनच पाहा, दरडी कोसळतात. पेरिस्साची काळी वाळू दुपारी तव्यासारखी तापते, आणि खाट-छत्रीचा भाव बसण्याआधी विचारा, पहिल्या रांगेचा वेगळा असतो.

पुढे डेलोस, प्राचीन अवशेषांचं छोटं बेट. तिथे शेजारच्या मिकोनोस बेटाच्या जुन्या बंदरातून बोट जाते. आंतरबेटी फेरी लागतात त्या नव्या बंदरात. आम्ही बॅगा ओढत चुकीच्या बंदरात गेलो होतो. डेलोसवर मुक्कामाला परवानगी नाही, सावली जवळपास नाही. उघड्यावरचे सिंहांचे प्रसिद्ध पुतळे नकली आहेत, अस्सल संग्रहालयात.

नॅक्सोस बेटावरचे चार दिवस छान गेले.

शाकाहाऱ्यांनी 'निस्तिसिमो' हा शब्द पाठ करावा, म्हणजे ग्रीक लोकांच्या उपवासाचं. पण आधी विचारून घ्या, त्यांच्या उपवासाला कोळंबी चालते.