उणे वीस अंशातली वादावादी

आज गोव्यात, वास्कोला सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात नवख्या संशोधकांसोबत होते. बाहेर घामाच्या धारा, आत शीतकक्षात उणे २० अंश. चौघांचे चार विषय, त्यामुळे पहिला तास एकमेकांची भाषा कळण्यातच गेला. 'कोअर' (खोलवर छिद्र पाडून काढलेला नळकांड्यासारखा नमुना) म्हटलं की एकीला बर्फ दिसतो, दुसऱ्याला समुद्रतळाचा गाळ!

मग सूक्ष्मजीववाल्या मुलीने विचारलं, "मॅडम, बर्फ आणि त्यातल्या बुडबुड्यांतली हवा एकाच वयाची ना?"

मी तोंड उघडायच्या आत हवामानवाल्याने वहीत आकृती काढली. हिम दाबून पक्का बर्फ व्हायला साधारण पन्नास ते शंभर मीटर खोली लागते, तोवर वरची हवा आत-बाहेर करत राहते. म्हणून कोंडलेली हवा बर्फापेक्षा तरुण. तिला पटलं. लगेच तिने त्याला दम भरला, "बाहेरचा थर तासल्याशिवाय नमुन्याला हात लावू नकोस. तुझ्या बोटांवरचे जिवाणू मोजायचे नाहीयेत मला."

माझ्या पहिल्या मोहिमेआधी औलीला बर्फात चालायला शिकवलं होतं. शेजारचा काय मोजतोय हे विचारायला मात्र कुणी शिकवलं नाही (आणि मीही विचारलं नाही, खरं सांगायचं तर).

बाहेर आलो तर सगळ्यांच्या चष्म्यांवर वाफ. टपरीवर चहा येईपर्यंत दोघांचं पुन्हा जुंपलेलं.