सोलापुरी चादर आणि बोका

चार वर्षे बाथरूमच्या कोपऱ्यातल्या वाळूच्या ट्रेमध्ये शिस्तीने जाणाऱ्या आमच्या बोक्याने एके सकाळी पलंगावरच्या सोलापुरी चादरीवर लघवी केली, तेव्हा आईने तत्काळ निदान केले, "तू चार दिवस गावाला गेलास ना, त्याचा सूड उगवतोय." मलाही ते पटले, कारण मांजराच्या चेहऱ्यावर मुळातच असा काही भाव असतो की त्याच्यावर कोणताही आरोप शोभून दिसतो.

मी चादर धुतली, फरशी फिनेलने पुसली आणि कर्तव्य उरकले. त्यातली फिनॉलवर्गीय रसायने मांजराच्या यकृताला नीट पचत नाहीत आणि ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणाऱ्या प्राण्याला ती विषासारखी बाधू शकतात, हे मला फार उशिरा कळले. शिवाय आपल्या नाकाला गेलेला लघवीचा वास त्याच्या नाकाला उरतोच, आणि मग तीच त्याची जागा ठरते. तो घालवायला एन्झाइमवाला क्लीनर लागतो.

तिसऱ्या दिवशी तो ट्रेमध्ये बराच वेळ पाठ वाकवून बसलेला दिसला. बाहेर आला, दोन पावले चालला आणि पुन्हा आत गेला. वाळूत लघवीचे रुपयाच्या नाण्याएवढे ओले गोळे होते, त्यातला एक गुलाबीसर. डॉक्टरांनी आधी पोट चाचपून मूत्राशय तुंबलेले नाही ना, हे पाहिले, कारण बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती बंद झाली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. लघवीत जंतू नव्हते, सोनोग्राफीत खडे नव्हते. नुसता दाह होता, जो मांजरांना पुष्कळदा ताणाने होतो. ताण कसला, याचा मी हिशेब मांडला. ट्रेला खेटून महिन्याभरापूर्वी वॉशिंग मशीन आले होते, आणि लॅव्हेंडरच्या सुगंधाची वाळू मी आणली होती ती माझ्या नाकासाठी. आईचे निदानही अगदीच खोटे नव्हते. त्यातला 'सूड' तेवढा वगळायला हवा होता.

औषधाने दुखणे गेले, पण ज्या ट्रेमध्ये दुखले त्या ट्रेची धास्ती राहिली. मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त असावा, असा नियम आहे. तो करणाऱ्याने मुंबईतला वन-बीएचके पाहिला नसावा. तरीही कपडे भिजवायचा एक पसरट टब, मांजराच्या लांबीच्या दीडपट भरेल असा, मी माझ्या टेबलाखाली ठेवला आणि त्यात बिनवासाची बारीक बेंटोनाइट वाळू (म्हणजे एक प्रकारची चिकणमातीच) दोन-अडीच इंच पसरली. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. पंज्यांना असेच काहीतरी हवे असते.

दोन दिवस त्याने टबाकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या रात्री टेबलाखालून खरखर ऐकू आली. वाकून पाहिले, तर काम उरकून झाले होते आणि झाकण्याच्या नावाखाली तो वाळूला स्पर्शही न करता शेजारची भिंत मोठ्या निष्ठेने खरवडत होता.