हापूसच्या भुकटीचा टीजी काढताना

एमटेकच्या प्रोजेक्टला हापूसच्या रसाची भुकटी घेतली, आणि पहिले काही आठवडे स्प्रे ड्रायर, म्हणजे रस गरम हवेत फवारून वाळवणारं यंत्र, धुण्यातच गेले. नुसता रस सोडला की भुकटी पडायची नाही, चेंबरच्या भिंतीवर पिवळा चिकटा बसायचा. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून केलेली पूड, घातलं की पडायची. हे का होतं ते कळायला टीजी, म्हणजे काचसंक्रमणाचं तापमान, मोजायला घेतलं.

रस झपाट्याने वाळतो तेव्हा त्यातल्या साखरेला स्फटिक व्हायला सवड मिळत नाही. ती अस्ताव्यस्त गोठते, तीच काच. टीजी ओलांडला की ही काच मऊ पडते आणि चिकटते. कोरड्या सुक्रोजचा टीजी साधारण 62 अंश सेल्सियस, ग्लुकोजचा 31, फ्रुक्टोजचा जेमतेम 5. माल्टोडेक्स्ट्रिनचा शंभराच्या बराच वर, म्हणून ते मिश्रणाला वर ओढतं. पाण्याचा मात्र उणे 135च्या आसपास! सुक्रोजमध्ये शेकडा चार भाग पाणी शिरलं तरी टीजी तिशीवर येतो.

मग वेगवेगळ्या ओलाव्याला टीजी किती ते बघायला भुकटीचे नमुने संपृक्त क्षारद्रावणांच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे बंद भांड्यांत, ठेवले. लिथियम क्लोराईडवर 11 टक्के आर्द्रता मिळते, मॅग्नेशियम क्लोराईडवर 33, साध्या मिठावर 75. वजन स्थिर होईपर्यंत रोज तोलायचं, कंटाळवाणं काम. मिठावरच्या नमुन्याचा चिंचेच्या गोळीसारखा गोळा झाला, तो मोजायचीही गरज उरली नाही.

खरी परीक्षा डीएससीवर, म्हणजे नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रावर. टीजीपाशी त्याच्या आलेखात एक पायरी येते. पाच-दहा मिलिग्रॅम भुकटी हवाबंद पॅनमध्येच घ्यायची. पॅन उघडा राहिला तर पाणी उडताना एवढा मोठा खड्डा येतो की टीजी त्यातच बुडतो. पहिल्या तापवणीत पायरीला लागून एक छोटा खड्डा दिसतो. नमुना ठेवून ठेवून काच जी मुरते, त्याची ती खूण. थंड करून पुन्हा तापवला की पायरी स्वच्छ येते. स्वच्छ म्हणजे तरी काय, इतक्या साखरा एकत्र असल्यावर ती लांबच लांब पसरलेली असते. सुरुवात धरायची की मध्य, यावर सरांशी वाद झाला. मी मध्य धरला आणि तसं लिहूनही ठेवलं.

पाणी वाढेल तसा टीजी किती उतरतो ते सांगणाऱ्या गॉर्डन-टेलर समीकरणात आकडे बसवल्यावर वक्र 30 अंशांच्या, म्हणजे साठवणीच्या तापमानाच्या, रेषेला कुठे छेदतो ते दिसलं. त्याहून जास्त पाणी म्हणजे कोकणच्या पावसाळ्यात पिशवीत ढेकळं. माल्टोडेक्स्ट्रिन वाढवून सुटका होते, पण मग जिभेला हापूस कमी आणि पीठच जास्त लागतं. मी ते कमीच ठेवलं आणि अहवालात ॲल्युमिनियमचा थर असलेला पाऊच सुचवला, महाग असला तरी.